मर्लोची आई

‘साइडवेज’ हा २००४ सालचा सिनेमा ज्यांनी पाहिलेला नाही, त्यांच्याही टाइमलाइनवर त्यातलं एक भाषण कधी ना कधी येऊन गेलेलं असतं. रात्रीची वेळ. घराबाहेरचा व्हरांडा. हातात वाइनचे ग्लास घेऊन बसलेली दोन घटस्फोटित माणसं. माया विचारते, तुझं हे पिनोचं एवढं काय आहे? आणि माइल्स, म्हणजे शाळेत इंग्रजी शिकवणारा, एकही पुस्तक छापून न आलेला, दोन वर्षांपूर्वीच्या घटस्फोटातून अजून बाहेर न पडलेला माइल्स, सांगायला लागतो. पिनो न्वार हे द्राक्ष वाढवायला फार अवघड. साल पातळ, स्वभाव लहरी, पिकतं लवकर. कॅबर्नेसारखं ते तग धरणारं नाही. कॅबर्ने कुठेही वाढतं, त्याच्याकडे दुर्लक्ष केलं तरी फोफावतं. पिनोला मात्र सतत कुणीतरी जपणारं लागतं. जगाच्या काही आडबाजूच्या कोपऱ्यांतच ते येतं. आणि ज्याला खरोखर वेळ देऊन त्याला समजून घ्यायचंय, अशाच माणसाच्या हाती ते पूर्ण उमलतं.

एवढं ऐकेपर्यंत आपल्या लक्षात आलेलं असतं की हा द्राक्षाबद्दल बोलत नाहीये. मायाच्याही आलेलं असतं. पॉल जियामाटीचा चेहरा, व्हर्जिनिया मॅडसनचं ऐकणं आणि मधल्या शांत जागा यांमुळे तो प्रसंग आजही अंगावर येतो. रेक्स पिकेटच्या कादंबरीवरून अलेक्झांडर पेन आणि जिम टेलर यांनी केलेल्या या पटकथेला ऑस्कर मिळालं, ते या एका प्रसंगासाठी दिलं असतं तरी चाललं असतं.

पण या भाषणावर इतकं लिहिलं गेलंय, आणि बहुतेक सगळं एकाच बाजूने. माइल्स स्वतःबद्दल बोलतोय, किती हृद्य, किती केविलवाणं, वगैरे. दुसरा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही: तो जे सांगतोय ते खरं आहे का? रूपकाला असं विचारायचं नसतं, असा आपला समज असतो. मला वाटतं, विचारायला हवं. तुम्ही तुमचं दुःख सांगायला वेलाची साक्ष काढत असाल, तर त्या वेलाचं म्हणणंही ऐकून घ्यायला हवं. आणि वेलाचं म्हणणं ऐकलं, की हे भाषण दिसायला लागतं त्यापेक्षा बरंच वेगळं निघतं.

उन्हाचा हिशेब

आधी माइल्सचं बरोबर काय आहे ते मान्य करू. पिनोचा घड लहान आणि गच्च असतो. पाइनच्या शंकूसारखा दिसतो म्हणूनच त्याचं नाव पिनो पडलं, असं सांगतात. मणी एकमेकांना चिकटलेले, त्यात साल पातळ. हवेत ओल राहिली की एका मण्याला कूज लागते आणि आतल्या आत पसरत जाते. बाहेरून घड चांगला दिसतो, हातात घेतला की कळतं. वसंतात डोळे लवकर फुटतात, त्यामुळे उशिरा आलेल्या एखाद्या गारठ्याच्या रात्री कोवळे कोंब करपून जातात. सालीत रंगही कमी. तेव्हा पातळ साल आणि लहरी स्वभाव या दोन्ही गोष्टी कबूल.

तिसऱ्या मुद्द्यावर मात्र गाडी अडते. ‘पिकतं लवकर’ हे माइल्स दुखण्यांच्या यादीत घालतो. थंड हवामानात लवकर पिकणं हे दुखणं नाही, तीच तर त्या वेलाची ताकद आहे.

कॅलिफोर्नियात यासाठी एक साधा हिशेब वापरतात. डेव्हिसच्या विद्यापीठातल्या अमेरिन आणि विंकलर या दोघांनी १९४० च्या दशकात तो रूढ केला. एप्रिल ते ऑक्टोबर या काळात रोजच्या सरासरी तापमानातून १० अंश सेल्सिअस वजा करायचे (त्याखाली वेल जवळपास वाढतच नाही) आणि जे उरेल ते रोज साठवत जायचं. शेवटी येणारी बेरीज म्हणजे त्या जागेला वर्षभरासाठी मिळालेलं उष्णतेचं बजेट. थंड जागेचं बजेट कमी असतं. त्या बजेटात ज्याचं काम उरकतं तेच द्राक्ष तिथे पिकतं.

पिनोचं उरकतं. कॅबर्ने सोविन्योंचं उरकत नाही. ते उशिरा पिकणारं द्राक्ष आहे. थंड जागी लावलं तर हंगाम संपला तरी ते कच्चंच राहतं आणि वाइनला कच्च्या ढोबळी मिरचीचा वास येतो. ‘साइडवेज’ घडतो त्या कॅलिफोर्नियातल्या सांता इनेझ खोऱ्यातच हे दिसतं. खोऱ्याच्या पश्चिमेला, समुद्राकडच्या थंड टोकाला पिनो. आणि कॅबर्नेसारख्या बोर्दोच्या जाती पूर्वेच्या उबदार टोकाला, हॅपी कॅन्यन नावाच्या भागात. म्हणजे माइल्स ज्या परिसरात बसून कॅबर्ने कुठेही वाढतं म्हणतोय, तिथून थोड्याच अंतरावर ते नीट पिकणार नाही अशी जमीन आहे. तिथे तग धरणारा पिनो आहे आणि नाजूक कॅबर्ने.

उलट पिनो उष्ण जागी नेलं तर ते ऐन उन्हाळ्यातच पिकून जातं. साखर झपाट्याने भरते, आंबटपणा निघून जातो आणि ज्या सुगंधासाठी एवढा आटापिटा करायचा तो तयार व्हायला वेळच मिळत नाही. नाजूकपणा त्याच्या रक्तात नाही. तो पत्ता चुकल्यावर दिसतो.

राहता राहिलं ‘दुर्लक्ष केलं तरी फोफावतं’. हे वाक्य निफाड किंवा दिंडोरीतल्या कुठल्याही बागायतदाराला ऐकवून बघा. तिथलं द्राक्ष वेगळं, हवा गरम, हेतू खाण्याच्या द्राक्षांचा. पण वेल शेवटी वेल आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, मग डोळे फुटण्याची वाट, विरळणी, जीएमध्ये घड बुडवणं, भुरी आणि डाऊनीच्या फवारण्या, आणि एवढं करून फेब्रुवारीत अवकाळी पाऊस आला की मणी तडकलेले. लागवडीतली एकही जात अशी नाही की जी सोडून दिली तर पुढच्या वर्षी चांगलं फळ देईल. पिनो काय, कॅबर्ने काय, थॉमसन काय, बी पेरून यातलं एकही जसंच्या तसं येत नाही. प्रत्येक पिढीत कुणीतरी काडी कापून पुन्हा रुजवली, म्हणून ते आज आहे. माइल्स जिला पिनोची खासियत समजतो ती सगळ्या द्राक्षांची गरज आहे. फरक एवढाच, की काहींची गरज कौतुकाने सांगितली जाते आणि काहींची गृहीत धरली जाते.

थर्मामीटर घेतलेला माणूस

सिनेमात माइल्स आणि त्याचा मित्र जॅक या खोऱ्यात पोचतात तेव्हा त्यांचा पहिला मुक्काम सॅनफर्ड वायनरीच्या टेस्टिंग रूममध्ये असतो. माइल्स जॅकला ग्लास कसा धरायचा, वास कसा घ्यायचा ते शिकवतो. विनोदी प्रसंग आहे. पण सॅनफर्ड या नावामागची गोष्ट सिनेमात येत नाही, आणि ती माइल्सच्या भाषणाला दिलेलं सगळ्यात चांगलं उत्तर आहे.

रिचर्ड सॅनफर्ड हा व्हिएतनाम युद्धात नौदलात होता. परत आल्यावर त्याला जमिनीशी संबंधित काहीतरी करायचं होतं. शिक्षण भूगोलाचं. त्याने फ्रान्समधल्या बर्गंडीच्या, म्हणजे पिनोच्या मूळ घराच्या, हवामानाच्या शंभर वर्षांच्या नोंदी अभ्यासल्या. मग गाडीत थर्मामीटर घेऊन कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरची खोरी पालथी घालायला लागला. तसं तापमान कुठे सापडतं, एवढाच शोध.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगतचे डोंगर साधारण उत्तर-दक्षिण पसरलेले आहेत, त्यामुळे ते समुद्राची थंड हवा अडवतात. सांता इनेझमध्ये मात्र डोंगर पूर्व-पश्चिम वळतात. पॅसिफिकवरचं धुकं आणि वारा नरसाळ्यातून यावा तसा खोऱ्यात शिरतो. समुद्रापासून आत जाल तसं दर मैलाला साधारण एक अंश फॅरनहाइट तापमान वाढतं, असं तिथे सांगतात. म्हणजे हव्या त्या तापमानासाठी हव्या त्या मैलावर थांबायचं. सॅनफर्ड थांबला आणि मायकल बेनेडिक्टबरोबर १९७१ मध्ये तिथे वेल लावले. पुढे तीस वर्षांनी, २००१ मध्ये, त्या थंड पट्ट्याला सांता रिटा हिल्स म्हणून सरकारी मान्यता मिळाली.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, तेव्हा थर्मामीटरवाला माणूस मला आवडणार यात नवल नाही. पण मुद्दा माझ्या आवडीचा नाही. माइल्स ‘आडबाजूचे कोपरे’ म्हणतो तेव्हा त्या शब्दांत एक धुकं आहे: असा कोपरा नशिबाने सापडतो, असा माणूस नशिबाने भेटतो, आपण फक्त वाट बघायची. सॅनफर्डच्या गोष्टीत वाट बघणं नाही. तिथे कुणीतरी गाडीतून उतरून पारा कुठवर चढलाय ते वाचलेलं आहे. समजून घेणं म्हणजे काय, याचं इतकं रोखठोक उदाहरण मला दुसरं आठवत नाही. माइल्स अख्ख्या सिनेमात इतरांनी त्याला समजून घ्यावं म्हणून थांबलेला आहे. त्याने स्वतः कुणाचंही तापमान एकदाही घेतलेलं नाही.

खानदान

आता त्या दुसऱ्या गाजलेल्या वाक्याकडे येऊ. मुलींबरोबर जेवायला जायच्या आधी जॅक बजावतो, नीट वाग. माइल्स ओरडतो, कुणीही मर्लो मागवली तर मी निघून जाईन. प्रेक्षक हसतात, कारण ठाम नावडीत एक मजा असते.

द्राक्षांच्या जातींची अशी प्रतवारी फार जुनी आहे. १३९५ मध्ये बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने गामे नावाची जात उपटून टाकण्याचा हुकूम काढला. गामे भरपूर पीक देत होतं, वाढवायला सोपं होतं, म्हणून शेतकऱ्यांना हवं होतं. ड्यूकच्या लेखी ते दुष्ट आणि बेइमान झाड होतं. त्याला उंची पिनोच हवा होता. गामेच्या खालीही एक पायरी होती: ग्वे ब्लाँ. मध्ययुगात उत्तर आणि पूर्व फ्रान्सभर शेतकऱ्यांच्या जमिनीवर हे पांढरं द्राक्ष असायचं. जोमदार वाढ, भरघोस घड, आंबट पातळ वाइन. चांगले उतार पिनोला, उरलेली जमीन ग्वेला. त्याचं नावच जुन्या फ्रेंचमधल्या एका हेटाळणीच्या शब्दावरून आलंय असं मानतात.

मग १९९९ मध्ये कॅरोल मेरेडिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. ईशान्य फ्रान्समधल्या १६ जातींचा डीएनए तपासला तेव्हा त्या सगळ्या एकाच जोडप्याची मुलं निघाल्या. एक पालक पिनो. दुसरा ग्वे ब्लाँ. या मुलांत शार्डने आहे, जी आज जगातल्या सगळ्यात प्रतिष्ठित पांढऱ्या द्राक्षांपैकी एक. आणि याच मुलांत गामेही आहे. म्हणजे ड्यूकने पिनोच्या नावाने ज्याला हाकललं ते पिनोचंच पोर होतं.

व्हरांड्यातल्या प्रसंगात माइल्सचं आणि मायाचं भाषण संपतं, ती त्याच्या हातावर हात ठेवते, आणि हा गडबडून म्हणतो की पिनोशिवायही मला बऱ्याच वाइन आवडतात, हल्ली रीसलिंग आवडायला लागलीये. घाबरलेल्या माणसाची ती पळवाट आहे. पण रीसलिंगचाही एक पालक ग्वे ब्लाँच आहे. खानदानाचा अभिमान बाळगणाऱ्याला प्रत्येक वळणावर तोच गावठी नातेवाईक भेटतो.

कॅबर्नेची गोष्ट तशीच. १९९७ मध्ये कळलं की कॅबर्ने सोविन्यों हे कॅबर्ने फ्राँ आणि सोविन्यों ब्लाँ यांचं मूल आहे. सिनेमात स्टेफनी कॅबर्ने फ्राँ ओतते तेव्हा माइल्स नाक मुरडतो: या द्राक्षाकडून आपण थोर काही अपेक्षितच नाही. आणि त्याने वर्षानुवर्षं जपून ठेवलेली बाटली कुठली? १९६१ ची शेवाल ब्लाँ. त्या घराण्याची वाइन मुख्यतः कॅबर्ने फ्राँ आणि मर्लो यांची असते. तो ज्या दोघांना नावं ठेवतो, त्यांच्याच मुशीतलं त्याचं दैवत आहे. हे सिनेमाला माहीत आहे आणि सिनेमा ते मोठ्याने सांगत नाही, ही पेनची सभ्यता.

आता मर्लो. तिचा बाप कोण हे आधी कळलं: पुन्हा कॅबर्ने फ्राँ. आई मात्र सापडत नव्हती. १९९० च्या दशकात ब्रिटनी प्रांतात, सँ-सुलियाक या गावी एक सोडून दिलेला वेल सापडला. ब्रिटनी म्हणजे फ्रान्सचं वायव्य टोक: थंड, ओलं, समुद्राच्या वाऱ्यात. हा प्रदेश वाइनचा नाही, सफरचंदाच्या सायडरचा. त्या वेलाला नाव नव्हतं. कुठल्याच यादीत तो नव्हता. पुढे तसेच काही मोजके वेल दक्षिणेकडे, शाराँत भागातल्या खेड्यांत सापडले. बागेत नव्हेत, घरांच्या दर्शनी भिंतींवर चढवलेले. तिथले लोक त्याला माग्देलेनचं द्राक्ष म्हणत, कारण ते संत माग्देलेनच्या दिवसाच्या, २२ जुलैच्या सुमाराला पिकायचं. इतर जाती अजून हिरव्या असताना हे खायला तयार. २००९ मध्ये ज्याँ-मिशेल बुर्सिको आणि सहकाऱ्यांनी डीएनएच्या आधारे जाहीर केलं की हीच मर्लोची आई. तिला नाव दिलं गेलं माग्देलेन न्वार दे शाराँत. माल्बेकही तिचंच मूल निघालं.

इथे थोडं थांबू. पिनो न्वार आज जगात १ लाख हेक्टरहून जास्त जमिनीवर आहे. त्याची महती सांगणारी पुस्तकं आहेत, सिनेमे आहेत, माइल्स आहे. माग्देलेनचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके वेल उरले होते. दुर्मीळ कोण, याचं उत्तर उघड आहे. पण ती नाजूक होती म्हणून दुर्मीळ झाली का? कुणी फवारणी न करता, छाटणी न करता, चुकीच्या प्रदेशात, वाऱ्यापावसात तो वेल उभा होता. माइल्स जे हिणवून म्हणतो, दुर्लक्ष केलं तरी तगणं, ते तिने अक्षरशः केलं. ती दुर्मीळ झाली कारण तिची कुणाला गरज वाटली नाही. ग्वे ब्लाँही असाच. फ्रान्समधून तो जवळपास गेला. स्वित्झर्लंडच्या वालेस प्रांतात, विस्पच्या आसपासच्या उंच, थंड उतारांवर ग्वेस या नावाने थोडासा टिकून आहे.

दुर्मीळ आणि नाजूक हे शब्द आपण एका दमात उच्चारतो. ते एक नाहीत. पुष्कळ गोष्टी नामशेष होतात त्या त्यांच्या कणखरपणामुळेच: ही काय, राहील की आपली आपण, असं सगळ्यांना वाटत राहतं, आणि एक दिवस शेवटची काडी उरते.

साल कुणासाठी पातळ

माइल्सच्या पातळ सालीबद्दल सिनेमा आपल्याला भाषणाच्या कितीतरी आधी सांगून ठेवतो. प्रवासात तो वाटेत आईकडे थांबतो. आईचा वाढदिवस आहे. तो फुलं घेऊन येतो, मग वर तिच्या खोलीत जाऊन तिने लपवून ठेवलेले पैसे काढून घेतो. थोड्या वेळाने आईच विचारते, पैसे हवेत का रे? तो म्हणतो, नको, ठीक आहे माझं.

मी हा प्रसंग भाषणाशेजारी ठेवून पाहते. ज्या माणसाची साल पातळ आहे त्याला दुसऱ्याचा स्पर्शही लवकर कळायला हवा. माइल्सला कळत नाही. स्वतःच्या पुस्तकाला मिळालेल्या नकाराने तो इतका कोसळतो की टेस्टिंग रूममधलं थुंकायचं भांडं तोंडाला लावतो. पण शनिवारी लग्न असलेला जॅक स्टेफनीला प्रेमाची स्वप्नं दाखवत असताना हा गप्प राहतो. स्टेफनी नोकरी करून एकटीने मुलगी वाढवणारी बाई आहे. तिला काय भोगावं लागेल याचा त्याला अंदाज आहे. तरी गप्प. त्याची साल फक्त आतल्या बाजूने पातळ आहे.

आणि माया? तिचाही घटस्फोट झालाय. ती रेस्टॉरंटमध्ये रात्री टेबलं सांभाळते आणि फलोत्पादनाच्या पदव्युत्तर शिक्षणाचा अभ्यास करते. म्हणजे व्हरांड्यात बसलेल्या दोघांपैकी वेलींबद्दल खरोखर शिकणारी ती आहे. तिच्याकडे कुणी ‘समजून घ्यायला अवघड’ म्हणून पाहत नाही, कारण ती कामाला जाते आणि हसून बोलते. माइल्सच्या परिभाषेत ती कॅबर्ने ठरेल.

माझ्या क्षेत्रात या दोन्ही जातींची माणसं रोज दिसतात. प्रत्येक टीममध्ये एखादा असा असतो की ज्याचा मूड बघून मीटिंगची वेळ ठरते. तो ब्रिलियंट आहे, त्याला जरा सांभाळून घ्या, असं नव्याने आलेल्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं जातं. आणि एक कुणीतरी, बहुतेकदा एक बाई, असते जी रात्री तीनला प्रॉडक्शन पडलं की उठते. तिच्याबद्दल एकच वाक्य: ती करते मॅनेज. सांभाळून घेणं पहिल्याच्या वाट्याला येतं, काम दुसरीच्या. कोडचंही तसंच. जी सिस्टीम सारखी पडते तिच्यावर डॅशबोर्ड असतात, तिची माणसं असतात, तिच्यासाठी बजेट असतं. जो जुना मॉड्यूल दहा-पंधरा वर्षं गुपचूप चालतोय आणि ज्याच्यावर बाकीचं सगळं उभं आहे, तो कुणी लिहिला हेसुद्धा कुणाला सांगता येत नाही. भिंतीवर चढवलेला, नाव नसलेला वेल.

म्हणून या भाषणाचं आपल्या पिढीतलं प्रेम मला थोडं काळजीचं वाटतं. ‘मी पिनो आहे’ हे वाक्य ऐकायला नम्र आहे, पण त्यात मागणी दडलेली असते: मला जपा, आणि जे न जपताही चालतात त्यांच्याकडे बघायची गरज नाही. हळवेपणाला माझा आक्षेप नाही. ज्याला खरंच आधाराची गरज आहे त्याने ती सांगावी, मोकळेपणाने सांगावी. आक्षेप आहे तो हळवेपणाची प्रत लावण्याला. एकाला दुखतं म्हणजे तो उंची आणि दुसरा दुखणं बोलून दाखवत नाही म्हणजे त्याला आत काही नाहीच, हा ड्यूक फिलिपचा हुकूम आहे. सहाशे वर्षांनी आपण तो स्टेटसवर ठेवतो.

क्लिप कुठे कापली जाते

हे सगळं सिनेमाला माहीत आहे का? बरंचसं आहे. पैशांची चोरी, शेवाल ब्लाँचा विरोधाभास, रीसलिंगची पळवाट, ही सगळी पेन-टेलरचीच पेरणी आहे. भाषण माइल्सचं आहे, सिनेमाचं नाही. सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे मायाचं उत्तर, जे क्लिपमध्ये बहुतेकदा कापलेलं असतं.

मायाही वाइनबद्दलच बोलते, पण तिच्या बोलण्यात स्वतःची ओळख करून देणं नाही. ती सांगते की वाइन पिताना तिला त्या वर्षाचा विचार येतो: तेव्हा ऊन कसं होतं, पाऊस पडला होता का. ज्यांनी वेल जपले आणि घड खुडले त्या माणसांचा विचार येतो. वाइन जुनी असेल तर त्यांतले किती जण आता नसतील. बाटली आज उघडली तर एक चव, उद्या उघडली तर दुसरी. ती भरात येते आणि मग उतरायला लागते, तुझ्या त्या एकसष्टसारखी. शेवटी ती एवढंच म्हणते, की चव फार छान लागते.

बघा, इथे हवामान आहे, वर्ष आहे, खुडणारे हात आहेत, मरण आहे. कुठल्याही जातीची प्रत लावलेली नाही. माइल्सच्या बोलण्यात एक द्राक्ष आणि त्याला समजणारा एक माणूस, एवढंच जग होतं. मायाच्या बोलण्यात गर्दी आहे. मला तर तिचं भाषण हे सॅनफर्डच्या थर्मामीटरचं काव्यरूप वाटतं.

सिनेमाची मर्यादा एवढीच की त्याने माइल्सला चांगली वाक्यं दिली आणि प्रेक्षकांनी तीच घरी नेली. सिनेमानंतर मर्लोच्या विक्रीचं काय झालं यावर अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केले. २००९ मधल्या एका अभ्यासात मर्लोची घट किरकोळ निघाली, पिनोची वाढ मात्र ठळक. मग पिनो जास्त लावला जाऊ लागला. अमेरिकेत बाटलीत ७५ टक्के ती जात असली की लेबलवर तिचं नाव लावता येतं. उरलेल्या २५ टक्क्यांत काय घालायचं ते बनवणारा ठरवतो. ज्याला एकांत कोपरा आणि समजूतदार माळी लागतो असं सांगितलं गेलं, ते द्राक्ष सुपरमार्केटच्या शेल्फवर रांगेने उभं राहिलं. नाजूकपणाचंही मोठ्या प्रमाणावर उत्पादन होऊ शकतं, हे आपल्या पिढीला वेगळं सांगायला नको.

माइल्स ती एकसष्टची बाटली शेवटी एकटाच पितो, बर्गरच्या दुकानात, स्टायरोफोमच्या कपात, कुणाला दिसू नये म्हणून लपवून. घटस्फोटित बायको आता दुसऱ्या नवऱ्याच्या मुलाची आई होणार आहे हे नुकतंच कळलेलं असतं. मायाने त्याला कधीच सांगून ठेवलं होतं की ती बाटली तू उघडशील तोच दिवस खास. त्या कपात कॅबर्ने फ्राँ आहे आणि मर्लो आहे. म्हणजे ब्रिटनीतल्या त्या बेवारस वेलाचंही काहीतरी आहेच. माइल्सला ते ठाऊक असणं शक्य नव्हतं. सिनेमा आला तेव्हा मर्लोच्या आईला अजून नाव मिळायचं होतं. पण घोट घेताना त्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं त्यात पहिल्यांदाच प्रत लावणं नसतं. आवडतंय, एवढंच.

त्यानंतर फोनवर मायाचा निरोप येतो. तिने त्याचं हस्तलिखित वाचलेलं आहे. आणि हा माणूस, पहिल्यांदाच, कुणी येऊन समजून घेईल याची वाट न बघता गाडी काढतो, पावसातून तिच्या दारापर्यंत जातो आणि दार ठोठावतो. दार उघडण्याआधी सिनेमा संपतो. तिने उघडावं की नाही हे मला सांगता येणार नाही. उघडलंच, तर त्याने पिनोबद्दल बोलू नये. तिचा दिवस कसा गेला ते विचारावं.